तालुक्याच्या वाचनालयात अभिजात मराठी पुस्तकं कशी शोधावीत

तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात गेलं की दर्शनी कपाटात काय असतं ते आपण जाणतोच. अनुवादित थरारकथा, व्यक्तिमत्त्व विकास, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, गेल्या चार-पाच वर्षांतल्या गाजलेल्या कादंबऱ्या. मागणी त्यांना असते, म्हणून ती पुढे असतात. नव्यानं सभासद झालेला वाचक ही कपाटं चाळतो, हरि नारायण आपटे किंवा केशवसुत दिसत नाहीत, आणि 'इथं जुनं काही नाही' असं ठरवून टाकतो. हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला १९६७ साली, पण वाचनालयं त्याच्या कितीतरी आधीची. रत्नागिरीत १८२८ मध्ये, नाशकात १८४० मध्ये, कोल्हापुरात १८५० मध्ये ग्रंथालयं उभी राहिली होती. पुढे लोकमान्यांच्या काळात आणि नंतर लहान गावांतही वकील, शिक्षक, व्यापारी यांनी वर्गण्या काढून वाचनालयं सुरू केली. त्यांनी तेव्हा जे विकत घेतलं, ते त्यांच्या काळातलं ताजं साहित्य होतं. आज आपण त्यालाच अभिजात म्हणतो. ही पुस्तकं वाचनालयाच्या मालकीची आहेत, दप्तरी त्यांची नोंद आहे. फक्त ती मागच्या खोलीत, कुलूपबंद कपाटात किंवा भलत्याच विभागात असतात. तिथवर पोचायचं कसं, ते इथं सांगतो.

घरूनच तयारी करून जा

'काहीतरी जुनं, चांगलं द्या' अशी मागणी केली की हाताला लागेल ते पुस्तक मिळतं. म्हणून जाण्यापूर्वी आठ-दहा पुस्तकांची यादी करा आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: लेखकाचं संपूर्ण नाव, टोपणनाव असल्यास ते, पुस्तक पहिल्यांदा कधी आलं ते साल, आणि साहित्यप्रकार. साल अंदाजे असलं तरी चालेल. या चार गोष्टी हातात असल्या की शोधाचं अर्धं काम झालं समजा.

यादी करताना सगळं एकाच काळातलं घेऊ नका. तेराव्या शतकातली ज्ञानेश्वरी, सतराव्या शतकातली तुकोबांची गाथा, एकोणिसाव्या शतकातलं गद्य (बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन', १८५७, जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी', १८७३, ताराबाई शिंदेंची 'स्त्रीपुरुषतुलना', १८८२), संगीत नाटकं (किर्लोस्करांचं 'सौभद्र', देवलांचं 'शारदा'), आपट्यांच्या कादंबऱ्या, त्र्यं. ना. आत्र्यांचं 'गांव-गाडा' (१९१५), लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. अशी मिसळ असली की वाचनालयाचे वेगवेगळे कोपरे पाहिले जातात आणि कुठल्या काळातली खरेदी चांगली झाली होती, ते कळतं. बऱ्याच वाचनालयांत एखाद्या जाणत्या चिटणीसाच्या कारकिर्दीत पाच-दहा वर्षं विलक्षण निवडक पुस्तकं आलेली असतात. तो काळ एकदा ओळखला की पुढचा शोध सोपा होतो.

टोपणनावांकडे विशेष लक्ष द्या. मराठी कवींच्या बाबतीत निम्मे शोध इथंच अडतात. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, 'बी' म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते, माधव जूलियन म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, अनिल म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरि देशमुख. एका वाचनालयात ही पुस्तकं टोपणनावाखाली लावलेली असतात, दुसऱ्यात आडनावाखाली, आणि तिसऱ्यात नोंद करणारा माणूस बदलला की पद्धतही बदललेली असते. राम गणेश गडकऱ्यांचं उदाहरण घ्या. नाटकं 'गडकरी' या नावावर, कविता 'गोविंदाग्रज' या नावावर आणि विनोदी लेख 'बाळकराम' या नावावर. एकाच लेखकाची पुस्तकं तीन कपाटांत असू शकतात. विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) कधी 'शिरूरकर' खाली सापडेल, कधी 'बेडेकर, मालतीबाई' खाली.

सभासद होताना काय विचारावं

सभासदत्वाचा भाग सोपा आहे. अर्ज, ओळखपत्राची प्रत, फोटो, अनामत आणि मासिक किंवा वार्षिक वर्गणी. अनामत परत मिळते, पावती जपून ठेवा. आपल्या कामाचे प्रश्न तीनच आहेत. संदर्भ विभागातलं पुस्तक घरी मिळतं की तिथंच बसून वाचावं लागतं? जुनी, दुर्मिळ पुस्तकं वेगळी ठेवली आहेत का, आणि ती पाहायला कुणाची परवानगी लागते? वाचकांना कपाटापर्यंत जाऊ देतात, की चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं आणि शिपाई पुस्तक काढून आणतो? मुक्तद्वार पद्धत, म्हणजे कपाटापर्यंत जाऊ देण्याची, असेल तर नशीबवान आहात. नसेल तर पुढचे दोन टप्पे नीट करावे लागतील.

वेळही बघून जा. संध्याकाळी देवघेवीच्या खिडकीपाशी गर्दी असते आणि ग्रंथपालांना मान वर करायला फुरसत नसते. सकाळच्या सत्रात वर्तमानपत्रं वाचणारे आपापल्या खुर्चीत स्थिरावले की तासभर शांत मिळतो. मार्चअखेर टाळा. हिशेब, खरेदीची बिलं, तपासणीची कागदपत्रं यांत कर्मचारी बुडालेले असतात.

पुस्तक नेमकं कुठल्या कपाटात असेल

मोठ्या ग्रंथालयांत ड्युई दशांश पद्धतीचे, म्हणजे पुस्तकाचा विषय दाखवणारे, आकडे पुस्तकाच्या पाठीवर असतात. त्या पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. त्यापुढे १ आला की कविता, २ म्हणजे नाटक, ३ म्हणजे कथा-कादंबरी, ४ म्हणजे निबंध. म्हणजे ८९१.४६३ लिहिलेल्या कपाटापाशी उभे राहिलात तर तुम्ही मराठी कादंबऱ्यांसमोर आहात. लहान वाचनालयांत मात्र बहुधा साधी विषयवार विभागणी असते. कादंबरी, कथा, नाटक, काव्य, चरित्र, धार्मिक, प्रवास, संकीर्ण, बाल. विषयाचं एक अक्षर, पुढे क्रमांक.

दोन्ही पद्धतींत अभिजात पुस्तकं विखुरतात. ती कुठं जातात, याचा अनुभवानं बसलेला ठोकताळा असा.

संतसाहित्य 'साहित्य' विभागात शोधू नका, 'धार्मिक' किंवा 'अध्यात्म' विभागात शोधा. ड्युई क्रमांक असतील तर २९४.५ च्या आसपास. ज्ञानेश्वरी, गाथा, दासबोध, एकनाथी भागवत ही मंडळी तिथं व्रतकथा आणि स्तोत्रसंग्रहांच्या शेजारी असतात. महानुभावांचं 'लीळाचरित्र', मराठीतला आद्य गद्यग्रंथ, कधी धार्मिकमध्ये असतं, कधी नावात 'चरित्र' आहे म्हणून चरित्र विभागात.

'स्मृतिचित्रे' आत्मचरित्रांत असेल. 'श्यामची आई' बालविभागात जाऊन बसलेली असते, तिथून ती मागून घ्यायला मोठ्या माणसानं संकोच करायचं कारण नाही. 'गांव-गाडा' समाजशास्त्रात किंवा शेतीत सापडेल. चिपळूणकर आणि आगरकर निबंधांत असायला हवेत, पण निबंध असा विभागच नसेल तर 'संकीर्ण'मध्ये जातात. संकीर्ण विभाग मी कधीच सोडत नाही. नोंद करणाऱ्याला जे पुस्तक कुठं ठेवावं ते समजलं नाही, ते तिथं असतं, आणि एकोणिसाव्या शतकातलं अर्धं गद्य असंच कुठल्याही चौकटीत न बसणारं आहे.

समग्र वाङ्मयाचे खंड वेगळे पाहा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं काढलेल्या महात्मा फुले समग्र वाङ्मयाच्या जाडजूड खंडात 'तृतीय रत्न', 'गुलामगिरी', 'शेतकऱ्याचा असूड' हे सगळं एकत्र आहे. यादीत 'शेतकऱ्याचा असूड' या नावाची नोंद नसली तरी पुस्तक वाचनालयात हजर असतं. म्हणून नाव सापडलं नाही की लगेच लेखकाच्या नावापुढे समग्र, संपूर्ण, निवडक, वेचक, प्रातिनिधिक असे शब्द जोडून पाहा.

पातळ पुस्तिकांची वेगळी गोष्ट. 'स्त्रीपुरुषतुलना' इतकी पातळ आहे की तिच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवायलाही जागा नाही. अशा पुस्तिका दोन जाड पुस्तकांच्या मध्ये दडतात किंवा चार-पाच एकत्र बांधून घेतलेल्या असतात, आणि बांधलेल्या गठ्ठ्यावर फक्त पहिल्या पुस्तिकेचं नाव असतं. बांधणीचं जाड पुठ्ठ्याचं, नाव पुसट झालेलं पुस्तक दिसलं तर उघडून शेवटपर्यंत चाळा.

सूची: कार्डं असोत की संगणक

काही वाचनालयांत अजून लाकडी खणांतली कार्डं आहेत, काहींत छापील यादी, बऱ्याच ठिकाणी आता संगणक. सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं तयार केलेली ई-ग्रंथालय ही प्रणाली अनेकांकडे असते, कुणी कोहा वापरतं, कुणाकडे स्थानिक माणसानं बनवून दिलेलं सॉफ्टवेअर असतं. तिन्ही प्रकारांत अडचण एकच, मराठी नावं लिहिण्याच्या तऱ्हा.

जुन्या लेखनात अनुस्वार भरपूर. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ मध्ये आले. त्याआधीच्या पुस्तकांवर 'गांव', 'लक्षांत', 'कांहीं' असंच छापलेलं असतं. नोंद करणाऱ्यानं मुखपृष्ठ बघून जसंच्या तसं उतरवलं असेल तर 'गावगाडा' असा शोध घेऊन काहीच मिळणार नाही. म्हणून प्रत्येक नाव दोन-तीन प्रकारे टाका: गावगाडा, गांवगाडा, गांव-गाडा. हरि आणि हरी. विष्णु आणि विष्णू. निःश्वास आणि निश्वास. जूलियन आणि ज्यूलियन. संगणकावर सगळं नाव टाकण्यापेक्षा ज्यात गोंधळ होण्याची शक्यता नाही असा एकच तुकडा टाकावा. 'पण लक्षात कोण घेतो' शोधायचं तर नुसतं 'घेतो' टाका. दहा-बारा नावं येतील, त्यात ते असेल तर दिसेल.

दुसरी मेख नावाच्या सुरुवातीच्या शब्दांची. ज्ञानेश्वरी 'ज्ञ'खाली नसते. ती 'श्रीज्ञानेश्वरी', 'सार्थ ज्ञानेश्वरी', 'सुबोध ज्ञानेश्वरी' अशा नावांनी 'श' आणि 'स'खाली पसरलेली असते. नाटकं 'संगीत' या शब्दाखाली: संगीत सौभद्र, संगीत शारदा. खुद्द 'ज्ञ' आणि 'क्ष' यांचा क्रमही एकसारखा नाही. जुन्या कार्डांत ही अक्षरं शेवटी, 'ळ'नंतर येतात. संगणक मात्र 'ज्ञ'ला 'ज'मध्ये आणि 'क्ष'ला 'क'मध्ये बसवतो. दोन्हीकडे पाहिल्याशिवाय 'नाही' म्हणू नका.

दाखल नोंदवही

आता या लेखातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. सूची अपुरी असू शकते, संगणकात जुनी पुस्तकं भरायची राहून गेलेली असतात, पण दाखल नोंदवही प्रत्येक वाचनालयाला ठेवावीच लागते. वाचनालयाच्या मालकीचं प्रत्येक पुस्तक तिथं ज्या दिवशी आलं त्या क्रमानं नोंदलेलं असतं. पुस्तकावर शिक्का असतो त्यातला दाखल क्रमांक हाच.

ही वही मोठी, आडवी, लाल किंवा हिरव्या कापडी बांधणीची असते. जुन्या वह्यांची पानं कडांना तपकिरी झालेली, अक्षर टाकाचं किंवा बोरूचं. रकाने साधारण असे: तारीख, दाखल क्रमांक, लेखक, पुस्तकाचं नाव, आवृत्ती, प्रकाशक, प्रकाशन वर्ष, पृष्ठं, किंमत, कुठून आलं (विक्रेत्याचं किंवा देणगीदाराचं नाव), वर्ग आणि शेवटी शेरा. आपल्याला शोधताना दोन रकाने सर्वांत जास्त बोलतात. 'कुठून आलं' यात ओळीनं एकाच देणगीदाराचं नाव दिसलं, की समजा एखाद्या घरचा अख्खा संग्रह इथं आला आहे. अशा ओळी सावकाश वाचाव्यात, कारण खासगी संग्रहात वाचनालयानं एरवी कधीच घेतली नसती अशी पुस्तकं असतात. काही ओळींपुढे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान असं लिहिलेलं असेल. कोलकात्याची ही संस्था १९७२ पासून सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तकांची मदत करते. तिच्याकडून आलेले संच पुष्कळदा एकत्र, एकाच कपाटात ठेवलेले असतात.

दुसरा रकाना शेऱ्याचा. तिथं लाल शाईनं 'गहाळ', 'बाद', 'बांधणीस', 'वाचकाकडून भरपाई' असं काही लिहिलेलं असतं. 'बाद' असेल तर पुस्तक नोंदीतून काढलेलं आहे, तरी कधीकधी ते माळ्यावर असतं. 'बांधणीस' असेल तर परत आल्याची नोंद आहे का पाहा. शेऱ्याचा रकाना कोरा असेल, तर पुस्तक वाचनालयात आहे असं कागदोपत्री सिद्ध झालं. आता ते शोधून द्या असं ठामपणे, नम्रपणे सांगता येतं.

ही वही सहसा वाचकांच्या हातात देत नाहीत आणि ते रास्तच आहे, कारण ते वाचनालयाचं मूळ दप्तर आहे. ग्रंथपालांसमोर बसून पाहण्याची परवानगी मागा. पहिला किंवा दुसरा खंड मागा, शेवटचा नको. पानांचे फोटो काढायचे असतील तर आधी विचारा. तुमच्या यादीतली पुस्तकं तर तिथं दिसतीलच, पण यादीत नसलेली आणि नंतर वाचायला हवीत अशी कितीतरी नावं सापडतील. एखाद्या गावानं १९३५ साली काय वाचलं, ते इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा कागद नाही.

ग्रंथपालांशी बोलणं

लहान गावात ग्रंथपाल किंवा सहायक बहुधा वीस-पंचवीस वर्षं त्याच खुर्चीवर असतात, तुटपुंज्या मानधनावर. 'सर' म्हणा, 'ताई' म्हणा, गावात जशी रीत असेल तसं. त्यांना कपाटं तोंडपाठ असतात, मात्र प्रश्न त्यांच्या भाषेत यायला हवा. 'क्लासिक्स कुठे आहेत?' असं विचारलं तर त्यांनाही सांगता येत नाही. त्याऐवजी असं बोला:

'ताई, आपट्यांची पण लक्षात कोण घेतो हवी होती. संगणकात दिसत नाही, पण दाखल नोंदीत क्रमांक आहे आणि शेरा काही नाही. मागच्या कपाटात असेल का? घाई नाही, मी गुरुवारी येतो.'

या बोलण्यात क्रमांक आहे, जागेचा अंदाज आहे आणि मुदतही आहे. चिठ्ठीवर हेच लिहून द्या. ते सवडीनं शोधून ठेवतात. पुस्तक हाती आलं की त्यांना त्याबद्दल दोन वाक्यं सांगा. पुढच्या वेळी तुम्ही न मागता 'हे तुमच्या उपयोगाचं आहे का बघा' म्हणून काहीतरी पुढे येतं. असं पुढे आलेलं पुस्तक नाकारू नये, निदान चाळावं.

संदर्भ विभागात दोन दिवस घालवा

शंकर गणेश दाते यांनी तयार केलेली 'मराठी ग्रंथसूची' बऱ्याच जुन्या वाचनालयांत असते आणि तिला कुणी हात लावत नाही. पहिला भाग १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांचा, तो १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरा भाग १९३८ ते १९५० चा, तो १९६१ मध्ये. एका माणसानं गावोगावची ग्रंथालयं पालथी घालून हे काम केलं. पुस्तकाचं नेमकं नाव, साल, प्रकाशक याबद्दल शंका असेल तर तिथं पाहा. तिथं मिळालेलं मूळ नाव घेऊन पुन्हा सूचीकडे आणि नोंदवहीकडे जा, पुष्कळदा पुस्तक वेगळ्याच नावाखाली निघतं.

त्याच विभागात विश्वकोशाचे खंड असतात, केतकरांचा ज्ञानकोश असतो, मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे खंड असतात. लेखकावरची नोंद वाचून त्याची इतर पुस्तकं यादीत वाढवा. जुनं गद्य वाचताना शब्द अडले तर दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' (१९३२ ते १९३८) किंवा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढा. आजच्या छोट्या कोशांत हे शब्द नसतात.

बांधीव मासिकं

अभिजात साहित्य फक्त पुस्तकांत शोधलं तर त्यातला मोठा भाग निसटतो. 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरीच मुळात 'करमणूक' या साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः आली, पुस्तक झालं ते १८९३ मध्ये. मराठी लघुकथा तर मासिकांतच वाढली. 'मनोरंजन', 'रत्नाकर', 'यशवंत', 'ज्योत्स्ना', 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'सत्यकथा' यांचे वर्षावर्षाचे बांधीव खंड कित्येक वाचनालयांत आहेत. दाखल नोंदवहीत ते नसले तर 'नियतकालिकं' अशी वेगळी नोंद असते, ती मागा.

मासिक चाळताना अनुक्रमणिका बांधणीत कापली गेली असण्याची शक्यता धरा आणि पानं उलटत राहा. कथेशेजारी साबणाची, औषधाची जाहिरात, वाचकांची पत्रं, एखाद्या पुस्तकाचं त्याच महिन्यातलं परीक्षण. कवितेखाली तेव्हाच्या संपादकांनी छापलेली टीप. नंतरच्या संग्रहात यातलं काही राहत नाही. 'मनोरंजन'नं १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी अंकांची परंपरा आहे. वाचनालयं जुने दिवाळी अंक पुष्कळदा रद्दीत काढतात, म्हणून सापडले तर वेळ न दवडता वाचून घ्या, आणि ते जपायला हवेत असं ग्रंथपालांना सांगा.

हातात आलेली प्रत कोणती आहे ते तपासा

पुस्तक सापडलं म्हणून लगेच देवघेवीकडे धाव घेऊ नका. आतलं नामपृष्ठ आणि त्यामागचं पान वाचा. तिथं आवृत्ती पहिली की सातवी, की नुसतं पुनर्मुद्रण, हे असतं. जुन्या पुस्तकात साल शके पद्धतीनं असेल तर त्यात ७८ मिळवा. शके १८१२ म्हणजे इसवी सन १८९०. चैत्रापूर्वीचे, म्हणजे जानेवारी ते मार्च महिने असतील तर ७९.

'संक्षिप्त', 'किशोरांसाठी', 'शालेय आवृत्ती' हे शब्द बारीक अक्षरात असतात. अशी प्रत पूर्ण पुस्तक समजून वाचली तर लेखकावर अन्याय होतो. 'स्मृतिचित्रे' मूळ चार भागांत आलं. हाती आलेल्या प्रतीत चारही भाग आहेत की निवडक मजकूर, हे अनुक्रमणिकेवरून ताडून पाहा.

संतसाहित्यात आवृत्तीचं महत्त्व सर्वांत जास्त. तुकोबांच्या गाथेची इंदुप्रकाश छापखान्यात १८६९ ते १८७३ मध्ये छापलेली प्रत पुढे सरकारनं १९५० मध्ये पुन्हा छापली. वारकरी परंपरेतल्या गाथा वेगळ्या आणि त्यांत अभंगांचे क्रमांकही वेगळे. कुणी 'अभंग क्रमांक अमुक' सांगितला तर कुठल्या गाथेतला ते विचारावंच लागतं. ज्ञानेश्वरीचंही तसंच. राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापलेली प्रत, साखरे परंपरेची प्रत, नुसती संहिता, सार्थ म्हणजे अर्थासह. पहिल्यांदा वाचणाऱ्यानं सार्थ प्रत घ्यावी, पण अशी की जिच्यात ओवी मोठ्या ठशात आणि अर्थ खाली वेगळा छापलेला आहे. ओव्या गाळून नुसतं रूपांतर देणारी प्रत घेऊ नये, ओवीचा नाद कानात उतरल्याशिवाय ज्ञानेश्वरी वाचली असं मी म्हणणार नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या पुस्तकांचे हक्क आता संपलेले आहेत. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क राहतात. आपटे आणि गडकरी दोघंही १९१९ मध्ये गेले, साने गुरुजी १९५० मध्ये. हक्क संपले की कुणीही छापू शकतं, आणि मग घाईनं अक्षरजुळणी केलेल्या, ओळी गळालेल्या स्वस्त आवृत्त्या निघतात. वाचनालयात एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असतील, एक कोरी चकचकीत आणि एक पिवळी पडलेली, तर दोन्हींचं एकेक प्रकरण समोरासमोर ठेवून पाहा. परिच्छेद कमी भरले तर जुनी प्रत घ्या. उलट जाणकार संपादकाची प्रस्तावना, टिपा, पाठभेद असलेली नवी आवृत्ती असेल तर ती उत्तम.

जुना कागद ठिसूळ असतो. पान वरच्या कोपऱ्यातून उलटा, पुस्तक पालथं घालू नका, झेरॉक्सच्या काचेवर दाबू नका. हवा तो उतारा मोबाइलनं टिपा, तोही परवानगी घेऊन. चिकटपट्टी अजिबात लावू नका.

आणि पुस्तक घरी न्या. तिथं बसून चाळून परत ठेवलं तर त्याची कुठंच नोंद होत नाही. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी असते. शेवटची तारीख १९९४ ची असेल तर जागा कमी पडली की बाद करायच्या ढिगात ते पहिलं जातं. तुमच्या तारखेचा शिक्का पडला की त्याचं आयुष्य वाढतं. दोन-तीन वाचकांनी ठरवून जुनी पुस्तकं आळीपाळीनं नेली तर एक अख्खं कपाट वाचतं, हे मी पाहिलेलं आहे.

तरीही नाहीच सापडलं तर

आधी मागणी वहीत लिहा. लेखक, नाव, प्रकाशक आणि सध्या छापात असलेली आवृत्ती, एवढं सगळं. दरवर्षी खरेदी होतेच, आणि खरेदी समितीला वाचकाची लेखी मागणी हवीच असते. साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं शासकीय ग्रंथागारात माफक किमतीत मिळतात, त्यामुळे त्यांची मागणी सहज मान्य होते.

मग जिल्ह्याला जा. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय जिल्हा ग्रंथालय असतं, आणि शहरातलं जुनं नगर वाचनालयही असतं. त्या दोन्हींकडे चौकशी करा. तुमच्या ग्रंथपालांनी फोन केला तर काम लवकर होतं, जिल्ह्यातले ग्रंथपाल एकमेकांना ओळखतात. अगदीच दुर्मिळ असेल तर मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकांनी ज्या चार ग्रंथालयांकडे पुस्तकं पाठवायची त्यांतलं ते एक. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, दोन्हींकडे एकोणिसाव्या शतकातलं पुष्कळ आहे.

घरबसल्या पाहायचं तर मराठी विकिस्रोतावर हक्क संपलेली पुस्तकं आहेत, इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांच्या छायाप्रती आहेत, आणि साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर त्यांची अनेक प्रकाशनं मोफत उतरवून घेता येतात. तिथंही शोधताना नावाच्या दोन-तीन तऱ्हा टाकाव्या लागतात, अनुस्वारासह आणि अनुस्वाराविना. रोमन लिपीतही टाकून पाहा, कारण छायाप्रतींची नावं अनेकदा रोमन अक्षरांत आणि मन मानेल तशा स्पेलिंगनं दिलेली असतात. छायाप्रत मिळाली तर मधली पानं गळलेली नाहीत ना, हे पृष्ठक्रमांक पाहून आधी तपासा आणि मगच वाचायला बसा.